लाल टोपण वर

२४ ऑगस्ट, 'हावएल्ला' जहाजावर

वारा उत्तरेचा, पाऊस बारीक.

फ्योर्डच्या अरुंद खाडीच्या टोकाशी पोचायला दुपार झाली. उल्रिके हिमनदी आणखी मागे गेली आहे. छत्तीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा तिचा कडा आजच्या आमच्या नांगरापासून हाकेच्या अंतरावर होता. आता तिचा एक पाय पाण्यात आणि एक खडकावर. कड्याच्या बुडातून वितळपाणी उसळून वर येतं, तळाचं खाद्य सोबत घेऊन येतं, म्हणून कड्यापुढे पक्ष्यांची झुंबड. पूर्वी त्यांच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आज मी मोजले. एकतीस. सुन्निवा म्हणाली, शंभराच्या वर आहेत. तरुण माणसं फुगवून सांगतात.

सुन्निवा लोफोटेनच्या कोळ्याची मुलगी. डॉक्टरेटचं तिसरं वर्ष. प्रश्न तिने चांगला घेतला आहे: हिमनद्या समुद्र सोडून जमिनीवर चढल्या की फ्योर्डच्या तळाशी जो कार्बन गाडला जायचा त्याचं काय होतं? उत्तर चिखलात आहे. चिखल काढणं माझं काम.

तळात नळी खुपसून गाळ थरांसकट वर काढतो; तशी एकच नळी मिळाली. दीड मीटर, भरीव, सुंदर. दुसऱ्यांदा टाकली तेव्हा दगडावर आपटून वाकली. या हंगामात पुन्हा इथे येणं नाही. म्हणजे मुलीची सगळी डॉक्टरेट या एका नळीवर. दीड मीटरमध्ये चाळीसेक वर्षांचा गाळ असेल. माझी इथली सगळी नोकरी त्यात मावते.

नळी वर आली तेव्हा संध्याकाळचे साडेआठ झाले होते. ढग खाली, चष्म्यावर पाणी. टोपणांच्या बादल्या जागेवर नाहीत.

"बादल्या कोणी हलवल्या?"

"मी," सुन्निवा म्हणाली. "दोर अडकत होता."

"लाल डावीकडे, काळी उजवीकडे. छत्तीस वर्षं तशाच असतात."

"ठेवते, ठेवते. लाल डावीकडे." माझ्यासमोर उभी राहून तिने त्या ठेवल्या.

ओड्डवार नळी वर ओढणारं विंच-यंत्र चालवतो आणि तोंडही. "म्हातारे, नळीला टोपण लावतेयस की बाळाला टोपरं? बोटं गळून पडतील माझी."

"पडू देत. तुझी बोटं कामाला लागलेली कुणी पाहिलीत?"

वरच्या तोंडाचं पाणी काढून टाकलं, त्या रिकाम्या जागेत स्पंजाचा बोळा बसवला, नळी आडवी करून मांडीवर घेतली, दोन्ही टोपणं लावली, मग नळीवर मार्करने बाण काढला. नव्या पुस्तिकेत लिहिलं आहे की आधी वरच्या दिशेचा बाण काढा, मगच नळी आडवी करा. मी आधी टोपण लावते आणि टोपण बघून बाण काढते. लाल म्हणजे वर. पुस्तिका लिहिणाऱ्याने भर पावसात ओल्या नळीवर मार्कर चालवून दाखवावा.

२६ ऑगस्ट

परतीचा प्रवास. समुद्र शांत. जेवणघरात गेले तर ओड्डवारने काटा खाली ठेवला आणि माझ्या हातांकडे बघत बसला.

"गुनवोर, आज कुठल्या संघाकडून खेळतेयस?"

एक हातमोजा गडद लाल, एक काळा. सगळे हसले. खोलीतला दिवा मिणमिणता आहे, असं सांगितलं. खोटं नाही ते. यांत्रिकाला सांगितलं दिवा बघ. तो बघून आला आणि म्हणाला, दिवा ठीक आहे. हल्लीच्या यांत्रिकांना दिवाही कळत नाही.

४ सप्टेंबर, लाँगइयरब्येन

नळी उभी चिरली. एक भाग थंड खोलीत जपायचा, दुसऱ्याचे दोन दोन सेंटिमीटरचे नमुने. चिरताना काळ्या टोपणाच्या आत स्पंजाचा बोळा सापडला. खालच्या तोंडाला बोळा! तिथून गाळ निसटत असेल म्हणून ओड्डवारने कोंबला असणार, आणि मला सांगितलं नाही. लाल टोपणाखाली बोळा नाहीच. तोही त्याच्याच हातून राहिला असेल. भेटला की चांगली कानउघाडणी करणार आहे.

सुन्निवा विचारत होती, "गुनवोर, तू इतकी वर्षं केलंस, तुझ्या हातून कधी चूक नाही झाली?"

"नाही," मी म्हटलं.

आम्ही बर्गेनला शिकत होतो तेव्हा वयाने मोठ्यांना 'आपण' म्हणायचो. आता कॉलेजातली पोरंही सगळ्यांना 'तू' म्हणतात. मला चालतं. पण असा प्रश्न आम्ही विचारला नसता.

१३ सप्टेंबर

सुन्निवाचे आकडे आले. उलटे आले.

तिला काय अपेक्षित होतं ते मलाही पटलेलं होतं. हिमनदी जवळ असते तेव्हा ढिगाने चिखल येतो. मेलेलं शेवाळ, जीवजंतू, सगळं त्याच्याखाली पटकन गाडलं जातं. तळाच्या किड्यांना ते खाऊन परत हवेत सोडायला वेळच मिळत नाही. पण चिखलच इतका की त्यात कार्बन विरळ दिसतो. मोठ्या पातेल्यात लापशी केली की प्रत्येक चमच्यात मनुके कमी येतात, तरी पातेल्यात एकूण मनुके जास्तच असतात. हिमनदी दूर गेली की पातेलं लहान होतं. चमच्यात मनुके जास्त, एकूण कमी. म्हणजे नळीत खालून वर येताना कार्बनचा वाटा वाढायला हवा.

तिच्या आकड्यांत तो खालून वर घटत जातो. सरळ, नीट, एका रेषेत.

"तोलण्यात चुकलीस," मी म्हटलं.

"दोनदा केलं."

"तिसऱ्यांदा कर. हात धुऊन कर. नमुन्याच्या चिमट्याला बोट लावतेस, मी पाहिलंय."

तिने ऐकून घेतलं. चिमट्याला बोट लावताना खरं तर मी तिला कधी पाहिलेलं नाही. असं बोललं की माणूस सावध होतो, म्हणून बोलले.

१९ सप्टेंबर

तिसऱ्यांदाही तेच.

इमारतीत नवे दिवे लावले आहेत, वीज वाचवणारे. त्यांच्या उजेडात नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. तक्रार लिहून दिली. व्यवस्थापक म्हणाला, तुझी एकटीचीच तक्रार आहे. बाकीच्यांना वाचायची सवयच नसावी.

मुख्य भूमीवरचा डोळ्यांचा डॉक्टर पुढच्या आठवड्यात गावात येणार आहे. जहाजाचा आरोग्य दाखला नव्याने काढायचा तर त्याची सही लागते. वसंतात 'हावएल्ला' परत उल्रिकेला जाईल, माझी ती शेवटची फेरी. पुढच्या ऑगस्टमध्ये सत्तर पुरी होतील आणि मला घरी बसवतील. पत्र आलं आहे. अजून वेळ आहे.

२२ सप्टेंबर

शुक्रवार, म्हणजे सगळ्यांनी मिळून गरम वाफल खायचा दिवस. सगळे बाहेर बूट काढून लोकरी मोज्यांत जेवणघराच्या टेबलाभोवती. तपकिरी चीजचे काप सुन्निवाच्या ताटात तसेच. तिने मला खिडकीपाशी बोलावलं.

"मी हे सोडतेय, गुनवोर."

"काय सोडतेयस?"

"हे सगळं. ट्रोम्सोला वीस ऑक्टोबरला माझी तिसऱ्या वर्षाची तपासणी आहे. हालस्टेनला आकडे पाठवले होते." हालस्टेन तिचा प्राध्यापक. "तो म्हणाला, असे आकडे जगात कुणाला आले नाहीत, तेव्हा एकतर तू फार मोठं काहीतरी शोधलंयस किंवा तुला प्रयोगशाळेत काम करता येत नाही. त्याने दुसऱ्यावर जोर दिला."

"मग?"

"मग काय? बाबा म्हणतात घरी ये, बोटीवर माणूस कमी आहे. माशाचं वजन तरी मला बरोबर करता येतं." ती हसली आणि बाहीने डोळे पुसले.

मी तिला सांगितलं की रडून आकडे बदलत नाहीत, चौथ्यांदा कर. ती म्हणाली, "चौथ्यांदाही केलं. काल."

ताट तिथेच ठेवून गेली. तिच्या वाटचं चीज मी खाल्लं. वाया कशाला घालवायचं? गोड लागलं नाही.

२७ सप्टेंबर

दुकानाबाहेर ओड्डवार भेटला. बोळ्यावरून त्याला झाडला.

"कुठला बोळा?"

"खालच्या तोंडाचा. मला न सांगता कोंबलास तो."

"मी एकच बोळा दिला. तुझ्या हातात. वरच्या तोंडासाठी, तू ओरडलीस म्हणून. माझ्याकडे दुसरा नव्हताच, पिशवी पाण्यात उडाली होती. तूच त्यावरून मला गाढव म्हणालीस. आठवतंय?"

आठवलं. पिशवी उडाली होती. गाढव म्हटलं होतं. म्हणजे बोळा एकच, वरच्या तोंडाचा, आणि तो निघाला काळ्या टोपणाखालून.

मी तिथेच उभी राहिले. तो विचारत होता, "म्हातारे, बरी आहेस ना? बस इथे." मी म्हटलं, मला दूध घ्यायचं आहे, आणि दूध न घेताच घरी आले.

२८ सप्टेंबर

सकाळी सातला थंड खोलीत गेले. कुणी नव्हतं.

आम्ही शिकलो तेव्हा गाळ दातांनी तपासायचो. चिमूटभर पुढच्या दातांत धरायचा. कचकच लागली तर पोयटा, लोण्यासारखी विरघळली तर चिकणमाती. वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत काही तोंडात घालायला बंदी आली, ती मी पाळली. आज मोडली.

हिमनदी जवळ होती तेव्हाचा गाळ जाड, दूर गेल्यानंतरचा मऊ. म्हणजे वर मऊ, खाली कचकच हवी.

लाल टोपणाकडचा गाळ दातांत धरला. कचकच. काळ्या टोपणाकडचा. लोणी.

तोंड धुतलं आणि परत केलं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे कळायला मला इतका वेळ लागला, पण दातांवर आहे. परत तेच.

मग टोपणांच्या बादल्या खिडकीशी नेल्या. बाहेर ढगाळ होतं. प्रत्येक बादलीतलं एक टोपण घेऊन हात मागे नेले, अदलाबदल केली, पुढे आणले. दोन्ही काळी. दिव्याखाली गेले तेव्हा एक हळूहळू लाल झालं.

मुलीचे हात चुकत नव्हते.

३० सप्टेंबर

सांगितलं नाही.

काल ओड्डवार घरी येऊन गेला. दुधाची पिशवी घेऊन आला, मी विसरले म्हणून. त्याने काही विचारलं नाही म्हणून मीच सांगितलं. तो बराच वेळ कॉफी ढवळत बसला. साखर तो घालत नाही.

"बादल्या पोरीनेच हलवल्या होत्या ना? तुझ्यासमोर उभी राहून परत ठेवल्या, म्हणजे तिची डावी ती तुझी उजवी. बादल्यांची चूक म्हण. संपलं. डोळ्यांचं कुणाला सांगायची गरज नाही. वसंतात मी शेजारी उभा राहीन आणि म्हणेन, लाल, काळा, लाल, काळा. पोपटासारखा."

"आणि मी टोपणाकडे बघितलं का नाही, असं कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? तुला कुणी काही विचारत नाही गं. सगळे घाबरतात."

तो सरळ मनाने बोलला. पण ते शेवटचं वाक्य काल दिवसभर कानात राहिलं. स्पंजाचा बोळा चुकीच्या तोंडाला होता. चिरताना सुन्निवाने तो पाहिला होता. तिने तोंड उघडलं होतं, आणि मी 'ओड्डवारचं काम' म्हटल्यावर मिटलं होतं.

तरी दोन दिवस गेले. कारण लिहून ठेवते. दाखला नसेल तर जहाज नाही. जहाज नसेल तर मी या गावात नक्की कोण, हे मला माहीत नाही.

१ ऑक्टोबर

रविवार. सुन्निवाच्या खोलीवर गेले. दारात बूट काढले. पलंगावर बॅग उघडी, अर्धी भरलेली.

बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. "नळी उलटी आहे. टोपणं मी उलटी लावली. मला मंद उजेडात लाल आणि काळा वेगळा दिसत नाही. बाण मी टोपण बघून काढला, तोही उलटा. तुझे आकडे बरोबर आहेत. चारही वेळा बरोबर होते."

ती बॅगेशेजारी बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. चिडली.

"तीन आठवडे, गुनवोर! तीन आठवडे मी माझ्या हातांकडे बघत बसलेय. जेवताना. आंघोळ करताना. तू म्हणालीस, चिमट्याला बोट लावतेस. मी तो चिमटा धुऊन धुऊन त्याचा रंग काढलाय!"

"तू बोट लावत नव्हतीस. मी पाहिलं नव्हतं. ते मी उगीच बोलले."

"का?"

"सवय."

 खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे तळत होतं. मग तिने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"दातांनी."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ही डॉक्टरला फोन लावते. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या दातांवर प्रबंध लिहिता येणार नाही." बरोबर बोलली. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

मग तिनेच संगणक उघडला आणि एकदम थांबली. प्रत्येक नमुना आधी ओला तोलतात, मग वाळवून. पाण्याचा रकाना तक्त्यात पहिल्या दिवसापासून होता. वरचा गाळ ताजा, म्हणून पाणी जास्त. खालचा दबलेला, म्हणून कमी. तिच्या तक्त्यात सगळ्यात ओला नमुना तळाशी होता. तीन आठवडे आम्ही दोघी कार्बनचाच रकाना बघत होतो. शेजारच्याकडे कुणी मान वळवली नाही.

तिने तक्ता उलटा केला. एक बटण. कार्बनची रेषा खालून वर चढत गेली.  

जाताना तिने विचारलं, "बादल्या मीच हलवल्या होत्या ना?"

"हलवल्या होत्यास. पण टोपण बघून लावायचं असतं, बादली बघून नव्हे. ते माझं काम होतं. तसंच लिहून देणार आहे."

३ ऑक्टोबर

चुकीची नोंद लिहून दिली. एक पान. माझं नाव, तारीख, पद्धत, कारण. 'कारण' या जागी आधी 'अपुरा प्रकाश' लिहिलं होतं. खोडून 'डोळे' लिहिलं. व्यवस्थापकाने वाचून मान वर केली आणि म्हणाला, त्या दिव्यांची तक्रार... मी म्हटलं, मागे घेते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, तो आणखी दोन दिवस गावात होता म्हणून. कोवळा आहे, आवाज मोठा काढतो, जणू कान गेलेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "इतकी वाट कशाला पाहिलीस? किती वर्षांपासून अंधूक दिसतंय?" मी म्हटलं, मला वाटलं सगळीकडे दिवे खराब झालेत. त्याला तो विनोद वाटला.

दाखल्यावर सही नाही. ट्रोम्सोला शस्त्रक्रिया, आधी उजवा, मग डावा. नंतर परत तपासून ठरवू म्हणाला. वसंताचं काहीच नक्की नाही. संस्थेने फेरीसाठी दुसऱ्याचं नाव लिहिलंही आहे. मी असते तर मीही लिहिलं असतं.

९ ऑक्टोबर

सुन्निवाने एकूण हिशेब मांडला. गाळाच्या वयाचे निकाल हिवाळ्यात येतील, तोवर अंदाज. हिमनदी मागे सरली तसा चमच्यातला मनुका वाढला आणि पातेलं आटलं. दर वर्षी गाडला जाणारा कार्बन निम्म्याखाली आला आहे, आणि उल्रिकेने दुसरा पाय पाण्याबाहेर काढला की आणखी घसरेल, असं ती म्हणते. मग कड्याखालून उसळणारं पाणी राहणार नाही. वरून मातकट नदी वाहील, उजेड अडेल, शेवाळ वाढणार नाही, पक्षी दुसरीकडे जातील.

"त्या दिवशी पक्षी किती होते?" मी विचारलं.

"एकशे चाळीस. मोजून लिहिलेत."

मी वहीतले एकतीस खोडले नाहीत. शेजारी एकशे चाळीस लिहिलं.

आज थंड खोलीत गेले तर लाल टोपणांची बादली कुणीतरी हाताळलेली. प्रत्येक लाल टोपणाच्या कडेला सुरीने खाच पाडली आहे. अंगठ्याला लगेच लागते. साठ टोपणं, साठ खाचा, सगळ्या सारख्या खोल. हात पक्का आहे पोरीचा. कुणी पाडल्या ते विचारलं नाही. पुढे जो कुणी टोपणं लावेल त्याला उपयोग होईल.

२० ऑक्टोबर, ट्रोम्सो

उजव्या डोळ्यावर पारदर्शक झाकण, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. परवा शस्त्रक्रिया झाली. काल पट्टी बदलताना परिचारिकेचा स्वेटर दिसला. इतका निळा रंग मी किती वर्षांत पाहिला नव्हता, ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

सुन्निवाची तपासणी दुपारी होती. इस्पितळातून चालत गेले आणि मागच्या रांगेत बसले. ती न अडखळता बोलली. हालस्टेनने हाताची घडी घातली होती, ती अर्ध्यावर सुटली. शेवटी परीक्षकांपैकी एकाने विचारलं, नळी उलटी आहे हे तुमच्या लक्षात कसं आलं? बोटीवरची चूक लोक सहसा कबूल करत नाहीत.

सुन्निवाने पाण्याचा रकाना दाखवला, गाळाच्या दाण्यांचं मोजमाप दाखवलं. मग मागे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पण त्याच्याही आधी आमच्या गुनवोरने गाळ चावून पाहिला."

सगळे वळून हसले. परीक्षकही हसला. नव्या डोळ्याने, झाकणातूनही, सगळी तोंडं स्पष्ट दिसली.

पास केलं तिला. बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली, सगळ्यांदेखत. डोळ्याला धक्का लागेल म्हणून मी तिला मागे सारलं, आणि मग लगेच तिला दुरुस्त केलं. चावून नव्हे. पुढच्या दातांत धरून. चावलं तर काहीच कळत नाही.

"मग शिकव ना," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सात वाजता, थंड खोलीत. तोंड धुऊन यायला सांगितलं आहे.